पिंजरा कुठं लावायचा?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये औंधच्या सिंध सोसायटी परिसरातल्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्यात पहाटेच्या सुमाराला बिबट्या दिसला. चित्रण जेमतेम काही सेकंदांचं होतं, पण चहाची वेळ होईपर्यंत ते अख्ख्या पुण्याच्या मोबाइलवर पोचलं. वन विभागाची माणसं आली, ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’चं पथक आलं, थर्मल ड्रोन फिरवले गेले. बिबट्या काही हाती लागला नाही. पुढच्या दिवसांत मात्र तो जिथं तिथं ‘दिसू’ लागला. कुणाच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या बागेतल्या बाकाखाली. यातली कित्येक छायाचित्रं संगणकानं बनवलेली होती. अशी चित्रं पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असं वन विभागाला जाहीर करावं लागलं. खऱ्या जनावराचा माग काढायचा की खोट्याचा, या पेचात त्या आठवड्यात किती माणसांचे किती तास वाया गेले असतील याचा विचार केला तरी चीड येते.

औंधमधली धावपळ चालू होती तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बिबट्या सात महिने मुक्काम ठोकून होता. लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीजवळ तो एप्रिल २०२५ च्या अखेरीस पहिल्यांदा दिसला. हवाई दलाचा तळ असल्यानं तिथं बाहेरच्या माणसाला मज्जाव, मोकळी गवताळ जमीन भरपूर, लपायला जमिनीखालचे बोगदे, खायला भटकी कुत्री. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, तो सगळ्यांना चुकवत राहिला. शेवटी १२ डिसेंबर २०२५ च्या पहाटे एका भुयारी मार्गात त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन पकडलं. या सगळ्या काळात त्या धावपट्टीवरून लाखो माणसं उडाली आणि उतरली. त्यानं कुणालाही ओरबाडलं नाही.

‘बिबट्या शहरात शिरला’ हा मथळा आपण वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर येतं ते असं की जंगल तिकडे लांब आहे आणि तिथून एक जनावर वाट चुकून इकडे आलं. पुण्याचा नकाशा जरा पुढेमागे करून पाहिला की हे चित्र टिकत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत ११ गावं आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळानं पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नांदोशी, किरकटवाडी, मांजरी ही नावं आता शहराच्या हद्दीत आहेत. पण तिथला डोंगर, ओढा आणि उसाचा फड अधिसूचना निघाली म्हणून जागचा हललेला नाही. पश्चिमेला खडकवासल्याच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं सात हजार एकरांचं आवार आहे. त्यातलं बरंचसं झाडोऱ्याचं आणि माणसाची ये-जा नसलेलं. त्याला लागून सिंहगडाची रांग, इकडे वारजे-बावधनच्या टेकड्या, पुढे पाषाण, सूस, बाणेर आणि थेट मुळशीकडे जाणारा डोंगर. या पट्ट्यात बिबट्या पूर्वीपासून आहे. बदललंय ते एवढंच की त्याच्या रात्रीच्या वाटेवर आता संरक्षक भिंत आहे, भिंतीवर कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्याचं चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे.

पावसाळा सरता सरता टेकडीवरच्या मऊ मातीत पाहिलं तर रात्री कोण येऊन गेलं ते कळतं. कुत्र्याच्या पावलापुढे नखांचे ठिपके उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्यामुळे चार गोलसर बोटं आणि मागची रुंद गादी एवढंच दिसतं. त्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या जुन्या मंडळींपैकी काहींना ही खूण ओळखता येते. ते त्याचा गाजावाजा करत नाहीत, हेही खरं.

तो इतक्या जवळ राहून खातो काय, याचं उत्तर आपल्याच परिसरात मिळालं आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. जंगल नावालाही नसलेला, ऊस-भाजीपाल्याचा, दाट वस्तीचा हा मुलूख. तिथं दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले, शिवाय साधारण तेवढेच तरस. अभयारण्यालाही शोभेल असा हा आकडा आहे. त्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की त्यांच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव किंवा माणसांच्या आसऱ्यानं जगणाऱ्या प्राण्यांचं होतं, आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळी त्या मानानं बरीच मागे होती. आता पुण्यात नदीकाठी, महामार्गाच्या कडेला, चिकनच्या दुकानांमागे, हॉटेलांच्या मागच्या गल्लीत काय पडलेलं असतं आणि त्यावर कोण पोसलं जातं, ते कुणी वेगळं सांगायला नको. कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. शहरातल्या बिबट्याचा प्रश्न वन विभागाइतकाच महापालिकेच्या घनकचरा विभागाचा आहे, आणि या बाबतीत त्या विभागाला कुणी जाब विचारलेला माझ्या पाहण्यात नाही.

शहरात बिबट्यानं माणसाला जखमी केलंच नाही, असं मात्र नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंढव्याच्या केशवनगरात बिबट्यानं काही रहिवाशांना जखमी केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हडपसरच्या साडेसतरा नळी भागात सकाळी फिरायला निघालेल्या एका माणसावर हल्ला झाला. दोन्ही ठिकाणं मुळा-मुठेच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातली, ऊस आणि इमारती एकमेकांना खेटून असलेली. दिवसाउजेडी वस्तीत अडकलेला बिबट्या बाहेर पडायला वाट शोधत असतो. समोर माणसं, मागे भिंत आणि चारी बाजूंनी आरडाओरडा, अशा वेळी तो जी वाट दिसेल तिकडे झेपावतो. त्या वाटेत जो सापडेल त्याला पंजा बसतो.

गर्दी काय करू शकते हे पुण्यानं ९ डिसेंबर २०२० रोजी पाहिलं. जनावर वेगळं होतं. कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी रानगवा आला. माणसं धावली, मोबाइल निघाले, गाड्या मागे लागल्या. तो भिंतींवर, फाटकांवर धडका देत, रक्तबंबाळ होत पळत सुटला. दोर लागले, भुलीची इंजेक्शनं लागली, आणि पकडल्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. पुढे पंधरवड्यातच दुसरा गवा पाषाण-बावधनच्या बाजूला आला. या वेळी पोलिसांनी लोकांना लांब रोखलं, वन विभागानं त्याला घाई केली नाही आणि तो डोंगराकडे परत गेला. शहर तेच, जनावर त्याच जातीचं, मधे फक्त दोन आठवडे गेले होते. पहिल्या गव्याच्या मरणानं दुसऱ्याला वाचवलं, याचं समाधान मानायचं की दुःख, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बिबट्याच्या बाबतीत असंच उदाहरण चाकणचं. मार्च २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात पहाटे बिबट्या दिसला. कामगारांना बाहेर काढलं, काम थांबवलं, आवार रिकामं केलं. मग जुन्नरच्या माणिकडोह निवारा केंद्राचं पथक आणि वन विभागानं काही तासांत त्याला बेशुद्ध करून ताब्यात घेतलं. ना कुणी जखमी झालं, ना बिबट्याला इजा झाली. तिथं फाटक होतं, फाटकावर सुरक्षारक्षक होते आणि बघ्यांना आत सोडायचं नाही असा हुकूम होता, म्हणून ते साधलं. गल्लीत हे तिन्ही नसतं.

भूल देणं म्हणजे बंदूक रोखली आणि जनावर आडवं झालं, असं सिनेमात होतं. प्रत्यक्षात पशुवैद्य लांबून वजनाचा अंदाज घेतो, त्यावर औषधाची मात्रा ठरवतो. सुई मांसल भागातच बसायला हवी. ती बसल्यावर औषध भिनायला काही मिनिटं जातात, आणि ही मिनिटंच सगळ्यांत अवघड. चवताळलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या अंगात औषध नीट चढत नाही. ते अर्धवट शुद्धीत पळतं, विहिरीत पडतं, रस्त्यावर येतं. म्हणून पथकाला आधी शांतता लागते. पडल्यावर डोळ्यांवर कापड, जिभेचा रंग तपासणं, श्वास मोजणं, अंगावर पाणी. हे करताना पाठीमागे हजार माणसं शिट्ट्या मारत असतील तर पथकातल्या कुणाचाही हात थरथरेल.

आता प्रश्न पिंजऱ्याचा. बिबट्या दिसला की नगरसेवक, सरपंच, आमदार, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांची पहिली मागणी एकच असते, ‘पिंजरा लावा.’ पिंजरा लोखंडी, लांबट, वरून खाली पडणाऱ्या दाराचा. मागच्या बाजूला गजांपलीकडे वेगळा कप्पा, त्यात शेळी बांधलेली. वरून पाचट टाकतात. शेळी रात्रभर ओरडते, बिबट्या आत शिरतो, त्याच्या वजनानं खटका सुटतो. आत सापडलेलं जनावर गजांना चावतं, त्यात त्याचे सुळे तुटतात, कपाळ फुटतं. आणि सापडतो तो हल्ला करणाराच असेल याची काही खात्री नसते. त्या वाटेनं त्या रात्री जो जाईल तो सापडतो.

त्याला पुढे कुठं न्यायचं? याचं उत्तर जुन्नरनं फार मोठी किंमत मोजून शोधलंय. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, डिंभे यांच्या पाण्यावर बारमाही ऊस उभा राहिला. बारा-अठरा महिने कुणी आत न शिरणारं, पाण्याजवळचं, दाट आडोसा देणारं हे पीक बिबट्याला मानवलं. तिथं माद्या व्यायल्या, पिल्लं उसातच वाढली. २००१ पासून वन विभागानं दिसेल तो बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडायचा सपाटा लावला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या तेव्हा जे दिसलं ते हादरवणारं होतं. आधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले, आणि त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. अनोळखी मुलखात टाकलेला, जखमी, बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरला. शिवाय त्याची मोकळी झालेली जागा घ्यायला दुसरा तयार होताच.

पकडून सोडलेला बिबट्या करतो काय, हे ‘आजोबा’नं दाखवलं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा म्हातारा नर. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो निघाला आणि महिन्याभरात महामार्ग, रेल्वे आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत एकाही माणसाला त्यानं त्रास दिला नाही. त्याच्यावर २०१४ साली सिनेमाही निघाला. खरा आजोबा त्याआधीच, २०११ मध्ये, महामार्गावर गाडीखाली मेला होता.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून कुणी शहरी वाचक म्हणेल, बघा, बिबट्या निरुपद्रवी आहे, लोक उगाच घाबरतात. हे वाक्य पुण्यात उच्चारायला सोपं आहे. ते शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात जाऊन उच्चारायची माझी छाती नाही. २०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तीन आठवड्यांत, तिथं तिघांचा जीव गेला. एक लहान मुलगी, ऐन दिवाळीत एक वृद्ध बाई, आणि मग तेरा वर्षांचा मुलगा. गावकऱ्यांनी वन विभागाची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. अखेर नेमबाज बोलावून एका नर बिबट्याला गोळी घातली गेली. त्यानंतर आलेली छायाचित्रं देशभर गाजली. शेतात राबणाऱ्या बाया-माणसांनी गळ्यात खिळे ठोकलेले लोखंडी पट्टे घातले होते. असे पट्टे पूर्वी धनगर आपल्या कुत्र्यांना घालत, बिबट्यानं मान धरू नये म्हणून.

त्या शिवारात माणूस बिबट्याच्या तावडीत का सापडतो, हे समजून घ्यायला हवं. शेतीपंपाची वीज कितीतरी ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. वीज आली की मोटर चालू करायला, दारं धरायला माणसाला बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं जावंच लागतं. घरं गावठाणात एकत्र नाहीत, आपापल्या शेतात विखुरलेली, दारापासून दहा पावलांवर ऊस. संडास अंगणाच्या टोकाला. खुरपणाऱ्या बाईची पाठ वाकलेली असते, लहान मूल उंचीनं छोटं असतं, आणि दबून शिकार करणाऱ्या जनावराला वाकलेलं अंग आणि छोटं अंग माणसाचं वाटत नाही. सर्वांत उघड्यावर असतात ऊसतोड कामगार. बीड, नगर, जळगावकडून आलेली ही कुटुंबं फडाशेजारीच पाचटाच्या कोप्या उभारतात. आईबाप पहाटे तोडीला जातात, पोरं कोपीत झोपलेली असतात आणि कोपीला दार नसतं.

उपाय म्हणून बरंच काही जाहीर झालं. जुन्नर वन विभागात पाच माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायला केंद्रानं परवानगी दिली. काही बिबटे राज्याबाहेरच्या केंद्रांत पाठवायचं ठरलं. बिबट्या गावात येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडायची कल्पना वनमंत्र्यांनी मांडली. नसबंदीचा प्रयोग करून पाहायला हरकत नाही, पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातील. शेळ्यांची कल्पना मला पटत नाही. उसात जन्मलेल्या बिबट्याचं जंगल उसातच आहे, त्याला दुसरीकडच्या जंगलात बोलावता येत नाही. माणसं मारणारा एखादा बिबट्या ठरवून, खात्री करून टिपावा लागतो, आणि तो टिपायला उशीर करू नये, असं मला वाटतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या असला तरी माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावरासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाला परवानगी देता येते. गावाचा विश्वास बसायचा तर ही परवानगी तिसऱ्या मृत्यूची वाट न पाहता यायला हवी. मृत्यूनंतर मिळणारे २५ लाख रुपये ही फार उशिराची मदत आहे.

याच मुलखात वन विभागाची माणसं दुसरंही एक काम करतात, त्याची बातमी छोटी येते. तोडणी चालू असताना फडात डोळेही न उघडलेली पिल्लं सापडतात. पूर्वी लोक ती उचलून आणत आणि आई रात्रभर शिवारात बिथरून हिंडे. आता तोड थांबवतात. पशुवैद्य पिल्लांना तपासतो, गोचिडी काढतो, आणि अंधार पडायच्या सुमाराला त्यांना एका क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. कॅमेरा लावून माणसं लांब जातात. रात्री कधीतरी मादी येते, क्रेटभोवती फिरते, पंजानं तो कलंडवते आणि एकेका पिल्लाची मान तोंडात धरून घेऊन जाते. माणिकडोहच्या पथकानं हे अनेकदा जमवलंय. त्यात वनरक्षकाइतकाच वाटा असतो तो त्या दिवसाची मजुरी बुडत असताना कोयता खाली ठेवणाऱ्या तोडकऱ्याचा. अकोले-जुन्नरच्या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवून गुरं राखायची विनवणी करतात. त्या मुलखाला बिबट्या नवा नाही. रात्रीची मोटर आणि दाराशी आलेला ऊस मात्र नवा आहे.

शहरांनी या प्राण्यांबरोबर कसं राहायचं, हा पेच जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या भर वस्तीतल्या ग्रिफिथ पार्कमध्ये ‘पी-२२’ नावाचा प्यूमा दोन महामार्ग ओलांडून आला आणि दहा वर्षं राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये तो गेला, तोवर त्याच्यासारख्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून दहा पदरी महामार्गावर झाडांनी आच्छादलेल्या पुलाचं काम सुरू झालं होतं. आपल्याकडे कात्रज-देहूरोड बाह्यवळणानं टेकड्या चिरल्या, आता रिंगरोडचा पश्चिम टप्पा हवेली, मुळशी, मावळच्या डोंगरांतून जातो आहे. जनावरांच्या वाटा कुठं आहेत हे वन विभागाला ठाऊक आहे. भुयारी मार्ग कुठं ठेवायचे ते रस्ता बांधतानाच ठरवावं लागतं, नंतर कुणी खणत नाही.

शहरातल्या सोसायट्यांनी काय करावं, याचं उत्तर मुंबईकडे आहे. संजय गांधी उद्यानाभोवती २००४ च्या सुमाराला हल्ल्यांनी कहर केला होता. पिंजरे लावणं कमी केलं, वस्त्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं वाढवलं, तेव्हा ते बरेच ओसरले. पूर्ण थांबले मात्र नाहीत. २०२२ च्या लक्ष्मीपूजनाच्या पहाटे आरेमध्ये एक तान्ही मुलगी गेली, तेव्हा पुन्हा तोच अंधार, तोच झाडोरा, तेच एकटं मूल होतं. म्हणून टेकडीलगतच्या प्रत्येक सोसायटीत मागच्या भिंतीला दिवा हवा, ओला कचरा झाकलेला हवा, कुत्र्यांना उघड्यावर खायला घालणं बंद हवं, अंधारात मूल एकटं खेळायला जाऊ नये. बिबट्या दिसला तर १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावं, दारं लावून घ्यावीत, आणि तो ज्या वाटेनं आला ती वाट मोकळी सोडावी. औंधला तो ज्या वेळी दिसला त्या वेळी रस्त्यावर माणूस नव्हता, आणि तो आला तसा निघून गेला. तिथं पिंजरा लावायची काहीच गरज नव्हती.

शिरूर-जुन्नरला ही यादी पुरत नाही. तिथं पहिली मागणी दिवसाच्या विजेची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. तेव्हा जिथं माणसं मेली आहेत त्या गावांच्या वाहिन्या आधी घ्यायला हव्यात, उद्दिष्टाच्या यादीत त्यांचा नंबर येईपर्यंत थांबू नये. दुसरी मागणी तोडकऱ्यांच्या मुलांची. गाळप हंगाम दिवाळीनंतर लगेच सुरू होतो, टोळ्या येतात, कोप्या पडतात. या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांनी कोपीला पत्र्याचं दार, रात्रभर दिवा आणि पहाटे मुलं सांभाळायला एक बाई एवढं दिलं पाहिजे. तोडणी-वाहतुकीवर ते दर हंगामात जो खर्च करतात त्यापुढे हा खर्च फार मोठा नाही, आणि पहिली मोळी टाकायच्या आधी तो ठरायला हवा.